जुन्या होडीचे तेज आणि थोडके श्रम



वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत बहुतेक विषय येऊन गेले आहेत. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही होडीची कातडी घेऊन बसलो आहोत, याचे कोणास नवल वाटल्यास ते साहजिक आहे. परंतु थोड्याच दिवसांत, जूनच्या तोंडाशी, आपल्या किनाऱ्यावरच्या होड्या वाळूवर ओढल्या जातील. ज्या घरात होडी आहे त्या घरात तिच्याहून मोठी मत्ता बहुधा दुसरी नसते. तेव्हा ती कमी कष्टांत कशी टिकवावी, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

लाकडी होडीचे शास्त्र आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिला दरवर्षी तेल पाजावे लागते, सांधे बुजवावे लागतात. फायबरची होडी आली तेव्हा पुष्कळांचा समज असा झाला की, आता काहीच करावयास नको. अमेरिकेत ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी काचतंतू व पॉलिएस्टर राळ यांची छोटी होडी १९४२ साली तयार केली. पुढे १९५९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात कार्ल आल्बर्ग यांनी आखलेली ट्रायटन नावाची २८ फुटी शिडाची होडी मांडली गेली. तशा ७०० हून अधिक होड्या बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येक आजही पाण्यात आहेत. यावरून एवढे सिद्ध होते की, या होड्यांचे अंग कुजत नाही. म्हातारी होते ती त्यांची कातडी. या कातडीलाच जेलकोट म्हणतात.

ती कशी घडते ते आधी पाहू. होडीचा साचा आतून आरशासारखा घासलेला असतो. त्यात प्रथम रंग मिसळलेल्या राळेचा पातळ थर देतात आणि त्यामागे काचतंतूंचे थर राळेत भिजवून बसवतात. होडी साच्यातून निघाली की तो पहिला थर बाहेर येतो. म्हणजे नव्या होडीची चकाकी ही साच्याच्या चकाकीची नक्कल होय. या थराची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. हा आकडा आपण पक्का ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सर्व विवेचन त्यावर उभे आहे. जुन्या लाकडी होडीला बाहेरून फायबरचे अस्तर दिलेले असते तिची गोष्ट वेगळी. तिथे साचा नसतो आणि वर बहुधा रंगच असतो.

उन्हातील अतिनील किरण या राळेची वीण तोडतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, प्रकाश सरळ परतण्याऐवजी विखुरतो आणि होडी निस्तेज दिसू लागते. हात फिरवला तर खडूसारखी भुकटी हाताला लागते. गडद निळ्या किंवा लाल होडीवर हे पांढऱ्या होडीपेक्षा लवकर उघड होते. अशी होडी पाण्याने ओली केली की रंग क्षणभर परत येतो, कारण पाणी ते खड्डे भरून काढते. हीच घरगुती परीक्षा होय. ओली केल्यावर रंग उजळला तर घासून तेज आणता येईल. मात्र थराखालची काचतंतूंची वीण दिसू लागली असेल, तर जेलकोट सरला असे समजावे. तिथे घासणे म्हणजे उरलेसुरले घालवणे होय. त्या होडीला रंगच दिला पाहिजे.

आता उपायांकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, तडे असतील तर ते आधी बुजवावेत. मेण आधी लावले तर दुरुस्तीची राळ त्या जागी धरत नाही. मग होडी गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावी. गंजाचे किंवा पाणरेषेवरचे तांबूस डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतात, परंतु हातमोजे घालून आणि नंतर भरपूर पाणी ओतून. त्यानंतर आधी खरखरीत व मग मऊ पॉलिश करावे, आणि शेवटी मेण. हे काम सावलीत करावे आणि एका वेळी दोन फूट चौरसच जागा घ्यावी. वेगाने गरगर फिरणारे यंत्र एका जागी क्षणभर थांबले तरी थर तापतो आणि करपतो. डोलत फिरणारे यंत्र नवख्याला अधिक सुरक्षित. कडा आणि कोपरे हातानेच घासावेत, कारण तिथे थर आधीच पातळ असतो. कोरडे घासताना उडणारी भुकटी छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मुखवटा बांधावा. मजुराला तो देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

प्रत्येक घासणीत त्या अर्ध्या मिलिमीटरातला काही भाग कायमचा जातो. जो दरवर्षी जोराने घासून होडी चकचकीत करतो तो मुद्दल खाऊन जगतो. व्याजावर जगण्याचा मार्ग असा की, एकदा नीट घासावे आणि नंतर झीज मेणाने सोसावी, थराने नव्हे. ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण सुंदर चकाकते, पण आपल्या उन्हात काही महिन्यांतच सरते. कृत्रिम बहुवारिकांची लेपने त्याहून अधिक टिकतात. सिलिकायुक्त सिरॅमिक लेप आणखी टिकतो, परंतु तो महाग असून पूर्वतयारी चोख मागतो. पाण्यासारखा पातळ ॲक्रिलिक लेप फडक्याने पाच-सहा वेळा पुसून देण्याचीही रीत आहे. तिच्यात यंत्र लागत नाही व दरसाल एक-दोन हात पुरतात. पण खाली डाग राहिला तर तोही लेपाखाली कोंडला जातो, आणि लेप पिवळा पडला वा सोलू लागला म्हणजे तो सगळा काढावा लागतो. श्रम वाचतात खरे, परंतु कोणते वाचतात आणि कोणते पुढे ढकलले जातात, हे ज्याचे त्याने पाहावे.

सर्वांत थोडक्या श्रमांचा उपाय मात्र सर्वांत जुना आहे, तो म्हणजे सावली. जो किरण होडीपर्यंत पोचतच नाही, त्याने केलेली नासाडी घासून काढावी लागत नाही. कोकणात झापांनी होडी शाकारण्याची रीत आहे. ती लाकडासाठी निघाली, परंतु फायबरलाही तितकीच हितकर आहे. प्लॅस्टिकची ताडपत्री वापरल्यास ती अंगाला चिकटू देऊ नये. वाऱ्याने ती थरावर घासते आणि खाली दमट हवा कोंडते. मध्ये बांबू घालून वारा खेळता ठेवावा. दुसरी सवय अशी की, होडी समुद्रातून आली की गोड्या पाण्याच्या चार बादल्या तिच्या अंगावरून जाऊ द्याव्यात. धुण्याच्या सोड्याने वा तीव्र पावडरीने ती धुऊ नये, कारण त्याने मळाबरोबर मेणही निघून जाते.

शेवटी एक सावधगिरी. चकाकी म्हणजे बळकटी नव्हे. जुनी होडी विकत घेणाऱ्याने तेजाला भुलू नये. ताऱ्यासारखे फाकलेले तडे आणि पाण्याखालच्या भागावरचे फोड आधी पाहावेत. विकणाऱ्यानेही ते मेणाखाली झाकू नयेत, कारण त्या होडीतून उद्या कोणाची तरी माणसे समुद्रात जाणार असतात.

तेव्हा या मे महिन्यात प्रत्येकाने एवढे करावे: होडी धुवावी, ओली करून परीक्षा घ्यावी, गरज असेल तितकेच घासावे, वर लेप द्यावा आणि सावली करावी. नारळी पौर्णिमेला ती पुन्हा पाण्यात उतरेल तेव्हा तिचे तेजही राहील आणि तिचा अर्धा मिलिमीटरही राहील.