सॅलडचा बटाटा

बटाटा उकडणे ही काय शिकण्याची गोष्ट आहे, असे माझेही एके काळी मत होते. भाचीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी ते मोडले. मे महिन्याचा उकाडा, चाळीस पाहुणे. सकाळी गरम बटाट्यांतच मेयोनीज कालवले, वर झाकण घातले आणि पातेले तसेच राहू दिले. सायंकाळी झाकण काढले, तो आंबूस वास! फोडींचा लगदा झालेला, तेल वेगळे सुटलेले. सारे टाकून द्यावे लागले. वहिनी एक शब्दही बोलल्या नाहीत. तेच मनाला अधिक लागले.

बटाटा हे नावच आपण पोर्तुगीजांकडून घेतले. परंतु सॅलडसाठी तो निवडणे मात्र आपल्या हाती आहे. साठवणीचा पिठूळ बटाटा भाजीवड्याला उत्तम. सॅलडला नवा, घट्ट गराचा घ्यावा. हिरवट पडलेला घेऊच नये, कारण त्यातील सोलानीन हे विष उकडूनही जात नाही.

एकसारख्या आकाराचे बटाटे सालीसकट धुऊन थंड पाण्यातच चुलीवर चढवावेत. उकळत्या पाण्यात टाकल्यास वरचा भाग फुटतो आणि आत कच्चेपणा राहतो. लिटरभर पाण्यास 2 चहाचे चमचे मीठ घालावे. आधण येताच आच मंद करावी. मध्यम बटाट्यास 20 ते 25 मिनिटे लागतात. सुरी अलगद आत गेली की लगेच पाणी काढावे. प्रेशर कुकर येथे घाई करतो.

साल काढून फोडी कराव्यात आणि त्या कोमट असतानाच त्यांवर थोडा शिरका व मीठ शिंपडावे. कोमट बटाटा चव आत ओढून घेतो. मेयोनीज मात्र पूर्ण निवाल्यावरच घालावे. मग सॅलड शीतकपाटात ठेवावे. उन्हाळ्यात ते बाहेर तासाभराहून अधिक ठेवू नये. कच्च्या अंड्याचे घरगुती मेयोनीज मुलांना व वृद्धांना न दिलेले बरे.

त्याच भाचीच्या पहिल्या कम्युनियनला मी पुन्हा सॅलड केले. या वेळी फोडी अखंड होत्या. वहिनींनी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतले. त्या दिवशीही त्या काही बोलल्या नाहीत.