पूरकाळचा निवारा

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हैदराबादेत सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानले जाते. त्या दिवशी अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोकांनी आपले प्राण वाचविले. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जपले गेले. पाणी ओसरल्यावर निजाम मीर महबूब अली खान यांनी निराश्रितांसाठी आपल्या वाड्यांचे दरवाजे उघडले व अन्नछत्रे सुरू करविली. राजाचे औदार्य मोठे होते यात शंका नाही. तथापि छपराची खरी गरज होती त्या घटकेला त्या दीडशे जणांपाशी एक झाड तेवढे होते. संकटानंतर मिळते ती मदत होय. निवारा संकटापूर्वी उघडावा लागतो, आणि तसा तो उघडावयाचा तर त्याचे नियम मृगाच्या आधीच ठरलेले असावे लागतात.

कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा यांच्या काठच्या लोकांना पुराची ओळख नव्याने करून द्यावयास नको. सांगली-कोल्हापूरपासून निपाणी, चिकोडी, कागवाड, गोकाकपर्यंतच्या टापूत पूर बहुधा वर्दी देऊन येतो. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, धरणांचे दरवाजे उघडतात, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, असा क्रम सर्वांस पाठ आहे. म्हणजे हाताशी एखादा दिवस तरी असतो. असे असूनही २०१९ च्या ऑगस्टात हजारो माणसे घरांच्या माळ्यांवर आणि गच्च्यांवर अडकून पडली. २००५ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. अनेक कुटुंबांनी त्या जुन्या खुणेवर भरवसा ठेवला. या वेळी पाणी ५७ फुटांच्याही पलीकडे गेले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेक माणसे बुडाली. त्यांत स्त्रिया व लहान मुलेही होती.

लोक वेळेवर निघत नाहीत, ते हट्टी असतात, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. वास्तविक निघावे की नाही हा विचार करताना प्रत्येक घर मनाशी एक हिशेब मांडीत असते. जेथे जावयाचे तेथे आपल्या म्हशीला जागा आहे काय, थोरल्या सुनेला रात्री बाहेर जावे लागले तर सोय काय, मागे घराला कोण राखील? निवाऱ्याच्या नियमांत या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर दवंडी कितीही वेळा पिटली तरी घर हलत नाही.

पहिला प्रश्न जनावरांचा. दुभती म्हैस ही या भागातील कित्येक घरांची रोजची मिळकत आहे. तिला दावणीला सोडून शाळेच्या वर्गात जाऊन बसा, असे सांगणारा अधिकारी ऐकून घेतला जातो, मानला जात नाही. मग बायकामुले पुढे पाठविली जातात आणि कर्ता पुरुष गोठ्यापाशी मागे राहतो. पुढे त्याच्यासाठीच रात्री नाव सोडावी लागते. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर या अडचणीवर उपाय म्हणून मातीचे उंच ओटे रचण्यात आले. त्यांना तेथे ‘किल्ला’ म्हणतात, आणि वादळाची वर्दी मिळाली की गुरे त्यांवर हाकली जातात. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात कुत्र्यामांजरांना सोडून जाण्यास लोकांनी नकार दिला, तेव्हा पुढच्याच वर्षी तेथील संसदेने कायदा करून स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार सक्तीचा केला. मांजरासाठी जर कायदा होऊ शकतो, तर म्हशीसाठी ग्रामपंचायतीचा एक ठराव व्हावयास हरकत नसावी. गावाबाहेरचा कोणता माळ गुरांसाठी, वैरण कोठून येईल, दूध काढावयास मालकाला दोन वेळा जाऊ दिले जाईल की नाही, एवढे त्यात लिहिलेले असले तरी पुष्कळ झाले.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे, म्हणूनच सभांतून तो बोलला जात नाही. २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या बरीच अधिक होती. परक्या पुरुषांच्या गर्दीत, आडोसा नसलेल्या जागी राहण्याचा संकोच आणि घरच्या पुरुषाच्या परवानगीची वाट पाहणे, ही त्याची ठळक कारणे सांगितली गेली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००५ च्या कायद्यान्वये २०१६ साली मदतछावण्यांची किमान मानके प्रसिद्ध केली. त्यांत दर ३० माणसांमागे एक शौचालय, स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था आणि माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर सांगितले आहे.

हे साडेतीन चौरस मीटर कागदावर क्षुल्लक वाटतात. वीस फूट लांब व वीस फूट रुंद अशा वर्गखोलीत या मापाने दहा माणसे मावतात. पाचशे माणसांना अशा पन्नास खोल्या लागतील. खेड्यातील प्राथमिक शाळेत सात-आठ असल्या तरी ती शाळा मोठी समजावयाची. तालुक्याच्या आराखड्यात मात्र त्याच शाळेपुढे बिनदिक्कत ‘क्षमता ४००’ असा आकडा पडलेला असू शकतो. हा आकडा कोणी मोजून लिहिला, की मागच्या वर्षीचा उतरून काढला, हे ग्रामसभेने विचारावे. मंगल कार्यालये, मठ, साखर कारखान्यांची गोदामे ही त्या शाळेच्या जोडीला आधीच करारात बांधून ठेवली, आणि कोणत्या गल्लीने कोठे जावयाचे हे पावसाळ्यापूर्वी घरोघर कळविले, तरच साडेतीन चौरस मीटरांना काही अर्थ आहे.

आणि मग किल्ली. शाळेला सुट्टी असते, मुख्याध्यापक परगावी असतात, शिपायाचे घर नदीकाठी असते. रात्री दोन वाजता भिजलेली माणसे कुलूपबंद फाटकापाशी उभी राहतात. ओडिशाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर किनाऱ्यावर शेकडो पक्के निवारे उभे राहिले, पण इमारतींपेक्षा मोलाची ठरली ती प्रत्येक निवाऱ्यासाठी नेमलेली गावकऱ्यांची समिती. कोणी वर्दी द्यावयाची, कोणी वृद्धांना उचलून आणावयाचे, प्रथमोपचार कोणी करावयाचे, ही कामे तरुण-तरुणींना नेमून दिलेली असतात व त्यांची तालीमही होते. एरवी त्या वास्तूंतून शाळा किंवा अंगणवाडी भरते, त्यामुळे दारे गंजत नाहीत आणि किल्ली हरवत नाही. दिवस भरत आलेल्या गर्भवतींना वादळापूर्वीच दवाखान्याजवळ हलविण्याची तेथे रीत पडली आहे. २०१३ चे फायलिन आणि २०१९ चे फनी या वादळांपूर्वी दहा-दहा लाखांहून अधिक माणसे हलविली गेली, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

दार उघडले तरी ते सर्वांना सारखेच उघडते असे नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत, विशेषतः नागपट्टिनम् भागात, दलित कुटुंबांना छावण्यांतून व मदतवाटपातून दूर ठेवल्याच्या घटना नोंदविल्या गेल्या. पाण्याने भेद मानला नव्हता. तो माणसांनी छपराखाली आणून पुन्हा मांडला. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर जात आहे तशी भाषाही आहे. म्हणून नियमात ठळकपणे लिहावे, की दारात आधार कार्ड वा शिधापत्रिका मागितली जाणार नाही, पंगत एकच राहील, आणि सूचना मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत लावल्या जातील. कर्नाटकात पूर्वी या जागांना सर्रास ‘गंजी केंद्र’ म्हणत, म्हणजे पेज मिळण्याचे ठिकाण. अलीकडे सरकारी कागदांत ‘काळजी केंद्र’ हे नाव रूढ झाले आहे. हा शब्द दोन्ही भाषांत सारख्याच अर्थाने वापरला जातो, तेव्हा निदान नावावरून तंटा होण्याचे कारण नाही!

नोंदवहीविषयी फार सांगावयास नको. नाव, वय, चालू औषध आणि सोबत कोण आहे, एवढे लिहिले तरी मधुमेह्याचे इन्सुलिन वेळेवर येते व एकटे सापडलेले मूल कोणाही अनोळखी माणसाच्या स्वाधीन होत नाही.

सर्वांत दुर्लक्षित नियम आहे तो निवारा बंद करण्याचा. पाणी उतरते, शाळा सुरू करण्याची घाई होते, स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन तोंडावर येते, आणि ‘आता घरी जा’ असे सांगितले जाते. परंतु मातीच्या भिंतींचा खरा धोका तेव्हाच सुरू होतो. आठ दिवस पाण्यात उभी राहिलेली भिंत पाणी ओसरल्यावर, वाळता वाळता ढासळते, आणि पुष्कळदा रात्री, माणसे आत निजलेली असताना. घरांत गाळ असतो, साप असतात, विहिरीचे पाणी पिण्याजोगे नसते, विजेच्या तारा ओल्या असतात. म्हणून निवारा बंद करण्याची तारीख नदीच्या पातळीवरून ठरवू नये. बांधकाम खात्याच्या माणसाने प्रत्येक घर पाहून तसा शेरा द्यावा आणि तो शेरा नोंदवहीत त्या कुटुंबाच्या नावापुढे पडल्यावरच त्यांना निरोप द्यावा. ज्यांचे घर उरलेच नाही त्यांच्यासाठी एखादी खोली शाळा भरल्यावरही राखून ठेवावी लागेल. मुलांचे वर्ग तोवर दोन पाळ्यांत भरतील.