बुढ्या माणसांना हाक मारा
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी राइस मिलमध्ये काम करणारा माणूस. शाळेत कमी शिकलो, जे काही शिकलो ते वाचून. म्हणून लांबण लावत नाही, एकच गोष्ट मांडतो. कोरोना गेला, पण आपल्या सिहोऱ्यातले कितीतरी बुढे माणसं अजून घरातच आहेत.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली. वयस्कर लोकांनी घराबाहेर पडू नये असं सांगितलं गेलं, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. त्या वर्षीची भीमजयंती आपण घरातच केली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अंत्यविधीला वीसच माणसं, असा नियम होता. किती बायांना नवरा गेल्यावर गळ्यात पडून रडायलाही कोणी मिळालं नाही. ते दुःख आतच राहिलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये विहारं, मंदिरं उघडली. तरुण कामावर गेले, पोरं शाळेत गेली. बुढ्यांना मात्र "आता या" असं सांगायला कोणी गेलं नाही.

मिलमध्ये करंट परत आला म्हणून निघालेला पट्टा आपोआप चढत नाही. तो माणसालाच चढवावा लागतो. इथंही तसंच आहे.

कोणी म्हणेल, मुलगा-सून जेवायला देतात, औषध आणतात, आणखी काय पाहिजे? देतात, खोटं नाही. पण रोवणीच्या दिवसांत सगळं घर बांधीत जातं आणि बुढी माय दिवसभर भिंतीशी बोलते. पूर्वी एका ओसरीत चार बाया बिड्या वळत, हात चालत आणि तोंडही चालत. आता ती ओसरी रिकामी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात सांगितलं की जगात सहापैकी एक माणूस एकटेपणानं ग्रासलेला आहे, आणि त्यानं आजार वाढतात, आयुष्य कमी होतं. म्हणजे हा नुसता मनाचा चोचला नाही.

विनयपिटकात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातानं धुतलं. मग इतर भिक्खूंना विचारलं, याची सेवा का केली नाही? उत्तर आलं की हा आमच्या काही कामाचा नाही. बंधूंनो, आज आपल्या घराघरात बुढ्या माणसांना हेच वाटतं, की आपण कुणाच्या कामाचे नाही. ते वाटणं मोडायचं आहे.

म्हणून काही सोप्या गोष्टी सुचवतो. वर्षावासातलं ग्रंथवाचन रात्री असतं. चिखल, अंधार, दुखणारे गुडघे, कसे येतील? निदान रविवारी ते दुपारी ठेवा. सतरंजीसोबत चार खुर्च्या मांडा. प्रत्येक तरुणानं दोन घरं वाटून घ्यावीत आणि हात धरून आणावं. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला बँकेत सोबत जावं. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट आहे. तिकीट फुकट झालं, पण सोबत कोण देणार? ती आपणच द्यायची. कुणाचा घरात छळ होत असेल तर १४५६७ हा सरकारी मदतीचा नंबर त्यांना लावून द्या.

आणि त्यांना नुसतं बसवू नका, काम द्या. लहान पोरांना वंदना त्यांनी शिकवावी, जुनी भीमगीतं त्यांनी सांगावीत. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या पुढं आहे. त्या दिवसांचं, १९५६ च्या दीक्षेचं त्यांनी काय पाहिलं, घरात काय ऐकलं, हे पोरांनी वहीत उतरवून घ्यावं. एक माणूस गेला की ते सगळं त्याच्यासोबत जातं, मग कुठल्या पुस्तकात शोधणार?

यासाठी वर्गणी लागत नाही, ठराव लागत नाही. आज घरी जाताना ज्या दारातला बुढा माणूस इथं दिसला नाही, त्या दारात थांबा. नावानं हाक मारा. आत जाऊन बसा.