पाण्याचे मजले



भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारे पाणी तांदुला धरणातून कालव्याने येते आणि मरोदा जलाशयात साठते. शेजारच्या दुर्गवरून शिवनाथ नदी महानदीकडे वाहत जाते. भोवतालच्या गावांत ‘तरिया’ असतात. छत्तीसगढीत तळ्याला हाच शब्द आहे. काठावरून पाहणाऱ्याला हे पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखेच वाटते. माशांच्या दृष्टीने मात्र त्याला मजले आहेत, आणि कोणाचा मजला कोणता, हे ज्याच्या त्याच्या शरीरावर लिहिलेले असते.

बाजारात नेहमी दिसणारे कटला, रोहू आणि मृगळ पाहावेत. कटल्याचे डोके मोठे, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेले. तो पृष्ठभागालगत पोहतो आणि पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात शेवाळ व वनस्पतिजन्य अन्न शोधतो. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला असते. तळाच्या गाळातील कुजके अन्न हा त्याचा आहार. एकाचा घास दुसऱ्याच्या तोंडचा नसल्यामुळे मत्स्यपालक तिघांची बोटुकली एकाच तळ्यात सोडतात. दहांत चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ हे त्यांचे परिचित प्रमाण आहे.

आपल्या मजल्यावर स्थिर राहण्यासाठी या माशांच्या पोटात वाताशय, म्हणजे हवेची पिशवी असते. तिच्यातील हवा कमीअधिक करून मासा श्रमावाचून तरंगत राहतो. शेपटी त्याला पुढे लोटते. छातीजवळचे पर वळण्याच्या व थांबण्याच्या कामी येतात. मरळीची तऱ्हा निराळी. काठच्या पाणवनस्पतींत दबा धरून बसणारा हा लांबट मासा कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेतो. वर येऊन हवा घेणे हा त्याचा नित्यक्रम आहे.

कटला, रोहू आणि मृगळ तळ्यात वाढतात, पण अंडी घालण्यासाठी त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या मस्तिष्क ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि ही अडचण दूर झाली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो.

मजल्यांचे हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. रात्री पाण्यातील वनस्पतीही प्राणवायू वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. गाळाने उथळ झालेल्या, सांडपाण्याने भरलेल्या तळ्यात तो पहाटेपूर्वीच संपू लागतो. मग कटल्याबरोबर रोहू, आणि तळाचा मृगळसुद्धा, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. मरळ वर आली तर ती श्वास घेत असते. मृगळ वर आला तर तळे गुदमरत असते. काठावरच्या मुलांना तो खेळ वाटतो, जाणत्या केवटाला तो धोक्याचा इशारा वाटतो.

तळ्यात भर पडते तेव्हा पाण्याचा विस्तार घटलेला सर्वांना दिसतो. खालचे मजले बुजलेले मात्र कोणाला दिसत नाहीत. विद्यार्थ्यांनी एखाद्या पहाटे जवळच्या तळ्याकाठी उभे राहावे आणि कोणता मासा कोठे पोहतो आहे ते पाहावे. पाणी कसे आहे, हे मासेच सांगतील.