तयारीचे मोल
मंदीने बेकार झालेल्या हातांना काम मिळावे म्हणून अमेरिकेच्या संघसरकारने १७ फेब्रुवारी २००९ रोजी एक कायदा केला. त्यात रस्ते व पूल यांसाठी सुमारे २७.५ अब्ज डॉलर होते. नगरांनी आपापल्या मागण्या पुढे केल्या. परंतु राज्याने आपल्या हातच्या रकमेपैकी निम्मी १२० दिवसांत कामांना नेमून द्यावयाची होती. न दिल्यास ती इतर राज्यांकडे जाणार होती. शिवाय वस्तीतील लहान गल्ल्या या मदतीस सहसा पात्रच नव्हत्या. साहजिकच, ज्या हमरस्त्याचे आराखडे तयार, त्याला अग्रक्रम मिळाला. घाईचा पैसा गरजेपेक्षा तयारीच अधिक पाहतो. म्हणून शहाण्या नगराने तिजोरी रिकामी असतानाच आराखडे पुरे करावेत. आणि गल्लीतील खड्ड्यांसाठी मात्र स्वतःचा पैसा राखून ठेवावा.