प्राचीन चीनमधील मद्य, पितर आणि राजाज्ञा



दारूची तरफदारी करण्यासाठी आम्ही येथे उभे राहिलेलो नाही, हे आरंभीच सांगतो. पगाराच्या संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाबाहेर मुले कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्या बाया आम्ही उमेदीच्या वर्षांत पाहिल्या आहेत. नवरा गुत्त्याकडे वळण्याआधी पाकीट हाती पडावे, एवढ्यासाठी त्या उभ्या असत. पण वाटाघाटीच्या टेबलावर “तुमची माणसे पितात म्हणून दरिद्री आहेत” हे वाक्यही आम्ही तितक्याच वेळा ऐकले आहे. दुसऱ्याला दारुडा ठरवण्याचा अधिकार कोणाला मिळतो, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. त्याचे एक फार जुने उत्तर आम्हांला चीनच्या इतिहासात सापडले. आमची शाळा सातवीत सुटली आणि चिनी भाषा आम्हांला येत नाही. जे वाचले ते भाषांतरांतून, रात्री युनियनच्या कचेरीत बसून.

होनान प्रांतात च्याहू नावाचे ठिकाण आहे. तेथल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत मुरलेल्या अंशांचे पृथक्करण २००४ साली प्रसिद्ध झाले. तांदूळ, मध आणि फळे एकत्र आंबवून केलेले ते पेय होते. म्हणजे राजा, लिपी आणि धातू येण्याच्या कितीतरी आधी तेथे मद्य आले.

पुढे इ. स. पू. १६०० च्या सुमारास शांग घराण्याचे राज्य झाले. मेलेले राजे पाऊस, पीक, आजार आणि लढाई यांवर सत्ता चालवतात, अशी शांग लोकांची श्रद्धा होती. हाडे आणि कासवांच्या कवचा तापवून, त्यांना पडणाऱ्या चिरांवरून ते पितरांचा कौल घेत. आणि पितर प्रसन्न राहावेत म्हणून त्यांना मांस व मद्य अर्पण करीत. राळ्यासारख्या बारीक धान्याची ही दारू, आणि खास पूजेसाठी सुगंधी वनस्पती घातलेली निराळी. मद्य ही तेथे केवळ चैन नव्हती. ती राज्यकारभाराची सामग्री होती.

१९७६ साली आन्यांग येथे फू हाओ या राणीची कबर उघडली. ती इ. स. पू. १२०० च्या सुमाराची, आणि चोरांचा हात न लागलेली. तीत सोळाशे किलोंहून अधिक वजनाचे ब्राँझ निघाले. पूजेच्या भांड्यांत मद्याचीच भांडी अधिक. तीन पायांचा, पन्हळीसारख्या तोंडाचा ‘ज्युए’ नावाचा पेला त्यांतलाच. त्याच कबरीत राणीबरोबर बळी दिलेल्या सोळा माणसांचे सांगाडेही होते. मातीचे साचे तुकड्यातुकड्यांनी जोडून हे ओतकाम होई, आणि अशा साच्यांचे हजारो तुकडे आन्यांगच्या भट्ट्यांच्या जागी सापडले आहेत. राणीचे नाव आपल्याला कळले. ज्यांनी भट्टी पेटवली त्यांतल्या एकाचेही कळलेले नाही.

इ. स. पू. १०४६ च्या सुमारास पश्चिमेकडून आलेल्या चौ लोकांनी शांगांचा पाडाव केला. जिंकलेल्या मुलखात लवकरच बंड झाले, तेही त्यांनी मोडले. मग त्या मुलखावर नेमलेल्या कांग शू या राजपुत्राला एक आज्ञा देण्यात आली. ती ‘शू-चिंग’ या प्राचीन ग्रंथात आहे. शांग बुडाले ते दारूने, म्हणून स्वर्गाने त्यांचे राज्य काढून आम्हांला दिले, असा तिचा आशय. हाच आरोप चौ काळातल्या ‘दा यू’ नावाच्या ब्राँझच्या पात्रावरही कोरलेला आहे.

शांग पीत होते यात शंका नाही. त्यांच्या कबरीच साक्ष देतात. पण राज्य बुडण्याचे कारण दारू, हा निकाल देणारा जेता आहे. सुमारे साडेनऊशे वर्षांनी सिमा च्येन या इतिहासकाराने लिहिले, तोवर शेवटच्या शांग राजाने मद्याचे तळे बांधल्याची आणि झाडांना मांस टांगल्याची गोष्ट रूढ झाली होती. जगातले सारे पाप या राजाच्या माथी मारले गेले आहे, अशी शंका कन्फ्यूशियसच्या एका शिष्याने त्याही आधी बोलून दाखवली होती.

आता ती आज्ञा नीट वाचा. पूजेच्या वेळी पिण्यास मुभा आहे. बैलगाडी हाकून दूर व्यापाराला गेलेला मुलगा परत येऊन आईबापांना सुख देतो, तेव्हाही आहे. पण जमून पिणाऱ्यांना पकडून राजधानीकडे पाठवावे, त्यांना देहान्त शिक्षा आहे. संघटना बांधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर ‘जमून’ या शब्दावर अडखळते. नुकतेच बंड झालेल्या मुलखात चार माणसे रात्री एकत्र बसली, तर राज्यकर्त्याला पेल्यापेक्षा बोलण्याची धास्ती अधिक, असे आमचे अनुमान आहे. शांगांच्या जुन्या सेवकांना मात्र मारू नये, आधी शिकवावे, असेही तेथे म्हटले आहे. तेथल्या ‘गोंग’ या शब्दाचा अर्थ कोणी अधिकारी करतात, कोणी कारागीर. दुसरा अर्थ खरा असेल तर कारण उघड आहे: ओतणाऱ्याची मान उडवली, तर नव्या राजाची भांडी कोण ओतणार?

पुढच्या दोन शतकांत कबरींतली मद्यपात्रे घटत गेली आणि अन्नाची पात्रे वाढली. मद्यपात्रे ज्या चौरंगावर मांडीत त्याला पुढे ‘जिन’ म्हणू लागले. त्या शब्दाचा अर्थ मनाई. दारू गेली नाही. तिला शिस्त लागली. गावच्या मद्यपानाच्या विधीत साठीच्या माणसाने बसावे, पन्नाशीच्याने उभे राहून सेवा करावी, असा दंडक होता. साठीला तीन वाढप, सत्तरीला चार, नव्वदीला सहा. आम्ही पन्नाशीतले, म्हणजे तेथेही आम्हांला असे उभेच राहावे लागले असते!

हान घराण्याच्या काळात तीन किंवा अधिक माणसे विनाकारण एकत्र पिताना आढळली, तर सोन्याचा दंड होता. पुन्हा तेच ‘एकत्र’. आणि इ. स. पू. ९८ मध्ये, युद्धांनी खजिना रिकामा झाल्यावर, सम्राट वू याने दारूचा मक्ताच सरकारकडे घेतला. दरबारात पंडितांचा मोठा वाद झाल्यावर इ. स. पू. ८१ मध्ये तो उठला. पण त्याच्या जागी कर बसला. जी वस्तू राज्य बुडवते म्हणून सांगितले, तिच्यावरच पुढे राज्याने आपली तिजोरी भरली.

कामगाराला दारू सोड असे आम्ही सांगतो, आणि सांगत राहू. ते सांगणे त्याच्या बायकामुलांसाठी असते. पण हाच उपदेश वरून आला, की सांगणारा कोण, त्याने काय जिंकले आहे आणि महसूल कोणाच्या पेटीत पडतो, एवढे तीन प्रश्न आपण विचारावेत.