परसातील देशी झाडे : मधमाश्या-पाखरांचा बारमाही आसरा

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वेलावर फुले भरपूर, पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात, अशी आपली नेहमीची तक्रार असते. पाणी, खत, फळमाशी ही कारणे तपासावीतच. पण आणखी एक कारण पाहावे. भोपळा, काकडी, कारली, दोडका यांच्या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत कोणीतरी वाहून न्यावा लागतो. लाल भोपळ्यात हे काम सकाळीच उरकावे लागते. नंतर फूल मिटते. माश्या आल्या नाहीत तर नर फूल खुडून मादी फुलावर हाताने फिरवावे लागते. परसातील चार वेलांना हे जमते. अर्ध्या एकराला मजुरी परवडत नाही.

मधमाशी का येत नाही? आपला वेल फार तर दोन-तीन महिने फुलावर असतो. उरलेल्या महिन्यांत तिने काय खावे? पूर्वी बांधावर बोर, करंज, पळस, बाभूळ असे. बांध कोरले गेले, झाडे गेली आणि माशीचा शिधाही गेला. म्हणून आजचा मुद्दा एकच : आपल्या परसात आणि बांधावर वर्षाचा एकही हंगाम फुलाविना, फळाविना जाऊ नये.

त्यासाठी झाडांची निवड अशी करावी. हिवाळ्यात अडुळसा व शेवगा फुलतो आणि बोरे पिकतात. थंडी सरताना पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. त्यांवर मैना, शिंजीर, बुलबुल गर्दी करतात. उन्हाळ्यात कडुनिंब व करंजाचा मोहोर असतो. पावसाच्या तोंडावर जांभळे पिकतात. पावसाळ्यात तीळ, पावसाळा सरताना कारळा आणि बोरीचा फुलोरा माश्यांना उपयोगी पडतो. तुळस तर प्रत्येक अंगणात आहेच. तिच्या सर्व मंजिऱ्या खुडू नयेत, काही फुलू द्याव्यात.

फुलपाखरांचे गणित वेगळे आहे. फुलपाखरू अनेक फुलांवर बसते, पण त्याची अळी ठरावीक झाडांचीच पाने खाते. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी आढळली तर ती लिंबावरील फुलपाखराची असण्याचा संभव असतो. परसातील मोठ्या झाडावर तिला राहू द्यावे. लिंबू-संत्र्याच्या रोपवाटिकेत मात्र ती नुकसान करते. तेथे अळ्या हाताने वेचून परसातील कढीपत्त्यावर सोडाव्यात. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते.

आपण विचाराल, पाखरे बोलावली तर ती दाणे खाणार नाहीत का? खातील. ज्वारी हुरड्यावर असताना राखण चुकत नाही. परंतु दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवते. कोतवाल आणि साळुंकी पिकांवरील किडे टिपतात. गव्हाणी घुबड रात्री उंदीर मारते. त्याला राहायला जुन्या झाडाची ढोली लागते. म्हणून ढोलीचे झाड निरुपयोगी समजून तोडू नये. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. धोका नसेल तर एखादी वाळकी फांदी राहू द्यावी.

सावलीने पीक दबते, हा आक्षेपही रास्त आहे. त्यासाठी मोठी झाडे शक्यतो शेताच्या उत्तर बांधावर लावावीत आणि शेताकडील फांद्या वेळोवेळी छाटाव्यात. उंबर पाखरांना फार प्रिय, पण घराच्या भिंतीजवळ वा विहिरीच्या काठावर तो लावू नये. मुळांनी बांधकाम फुटते. जागा कमी असेल तर परसात शेवगा, कढीपत्ता, अडुळसा आणि तुळस एवढ्यानेही सुरुवात होते.

लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर करावी. झाडासाठी 2 फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा. पांगारा आणि शेवगा फांदी लावूनही येतात. पानमळेवाल्यांना हे सांगायला नको. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि शेळ्यांपासून राखण, एवढे सांभाळले की पुढे फारसा खर्च नाही. सावलीत पाण्याचे उथळ भांडे ठेवून त्यात दोन-चार खडे टाकावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

शेवटी एक विनंती. फुलावर आलेल्या पिकावर शक्यतो फवारणी टाळावी. करावीच लागली तर शिफारशीतील औषध, माश्या पोळ्याकडे परतल्यावर, सायंकाळी फवारावे. वर्षभर झाडे लावून माश्या जोपासायच्या आणि एका सकाळच्या फवारणीत त्या मारायच्या, हा व्यवहार तोट्याचा आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक घराने निदान तीन देशी झाडे लावावीत. निवडताना ती तीन वेगवेगळ्या हंगामांत फुलणारी असतील, एवढे पाहावे.